काझी सरांची बाटली

काझी सरांना कुणाच्या घरी पाणी दिलं, की ते पीत नाहीत. तांब्या दोन्ही हातांनी घेतात, कपाळाला लावतात आणि खिशातून एक छोटी बाटली काढून पाणी तिच्यात ओततात. मग बूच लावून चिठ्ठी चिकटवतात आणि लिहितात: कुणाचं घर, कुठलं पाणी, कोणता वार. यजमान नुसते बघत राहतात.

आरोग्य खात्याच्या प्रयोगशाळेत मी नऊ वर्षं त्यांच्या हाताखाली आहे. पाण्यातलं, मातीतलं, भाजीतलं विष शोधायचं, हे आमचं काम. बाकीचे लोक काम ऑफिसात ठेवून घरी जातात, सर ते खिशात घालून हिंडतात. "पाणी आधी नळीत, मग नरड्यात," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दुसरा लाडका शब्द "किती?" विष आहे एवढं सांगून भागत नाही, प्रमाण सांगावं लागतं, म्हणून ही सवय. आमच्या शिपायानं सून फार गुणी मिळाली म्हणून पेढे वाटले, तर सर पेढा हातात धरून म्हणाले, "किती?" तो आठ दिवस त्यांच्याशी बोलला नाही.

अशा माणसाला लग्नाकार्याला कोण बोलावणार? सर घरीही एकटेच. माझ्या बहिणीच्या, सुरेखाच्या बाळाच्या बारशाचं आमंत्रण मी त्यांना दिलं ते केवळ तोंडदेखलं. वैजापूरच्या अलीकडे, कांद्याच्या वावरातली तिच्या सासरची वस्ती; एवढ्या लांब ते काही येत नाहीत, अशी माझी खात्री होती. ते माझ्या आधी गाडीत येऊन बसले. इस्त्रीचा कुर्ता, मांडीवर झबल्याचा पुडा.

वस्तीवर पोचलो आणि सुरेखाच्या सासूबाईंनी, कौसामावशींनी, तांब्या पुढं केला. सरांनी बाटली काढली. तिच्यात पाणी ओतून बूच लावलं.

"आमच्या घरचं पाणी चालत नाय व्हय साहेबाला?" मावशी म्हणाल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी आलेल्यानं पाणी नाकारणं म्हणजे काय, हे आमच्याकडं कुणाला समजावून सांगावं लागत नाही. तिथून उठून गाडीत जाऊन बसावं असं वाटलं. सरांना मात्र त्याचं काहीच नव्हतं. ते पाळण्याकडं बघत होते.

"शिंदे, बाळाचे ओठ बघ," ते मला म्हणाले.

ओठ जांभळट होते. नखंही. सव्वा महिन्याचं बाळ ना रडत होतं, ना हलत होतं.

"नजर लागली त्याला. दोन दिवस असंच हाय," मावशी म्हणाल्या. "काळा दोरा बांधलाय."

"माय, दूध कोणतं देता?"

"डब्याचं. सुरेखाला दूध नाय आलं. पण पाणी उकळूनच घेतो, साहेब. नर्सबाईनं सांगितलंय."

"किती उकळता?"

"लई. अर्धं आटेस्तोवर."

मी सरांना तेवढं घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी दुसऱ्या खिशातून तपासणीची पट्टी काढून बाटलीत बुडवली. ती गडद गुलाबी झाली. विहिरीच्या चारी बाजूंनी कांदा, कांद्याला पोत्यानं खत, आणि त्या खताचं नायट्रेट पाझरून विहिरीत. मोठ्यांना त्यानं लगेच काही होत नाही, पण तान्ह्या बाळाच्या रक्ताला प्राणवायू वाहून नेता येत नाही. उकळल्यानं जंतू मरतात, नायट्रेट मरत नाही. पाणी आटतं तसं ते दाट होत जातं. त्या माउलीनं जितकी काळजी घेतली, तितकं विष वाढलं होतं.

"नाव ठेवायचा मुहूर्त हाय," कुणीतरी म्हणालं.

"नाव नंतर ठेवा!" सर ओरडले. त्यांना ओरडताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

गाडीत मागं सुरेखा बाळाला घेऊन, शेजारी मावशी. सरांनी शहरातल्या मोठ्या दवाखान्यात फोन करून औषध तयार ठेवायला सांगितलं. मग सुरू झालं.

"किती?"

"पंचेचाळीस किलोमीटर, सर."

दोन मिनिटांनी पुन्हा, "किती?" एरवी मी मनातल्या मनात हसलो असतो. त्या दिवशी दर वेळी मी आकडा सांगून गाडी आणखी दामटत होतो. बजाजनगरच्या चौकात कंपन्यांची शिफ्ट सुटलेली. सर खाली उतरले आणि इस्त्रीच्या कुर्त्यानिशी रस्त्याच्या मधोमध उभे राहून मोटारसायकली अडवू लागले, "बाजू हटो मियाँ, लेकरू हाय!"

दवाखान्यात बाळाचं रक्त काढलं तर ते चॉकलेटी. डॉक्टरांनी निळ्या औषधाचं इंजेक्शन दिलं. निळ्या पडलेल्या बाळाला औषधही निळंच, पण त्याच्यावर विनोद करायचं मला सुचलं नाही. तासाभरात ओठ गुलाबी झाले आणि बाळानं असा काही टाहो फोडला की सुरेखाही त्याच्याबरोबर रडायला लागली. सर बाकावर बसून खिशातल्या बाटलीवर लिहीत होते. मी वाकून वाचलं: "विहीर. घर कौसामाय. बाळ, नाव ठेवायचं राहिलं."

पंधरा दिवसांनी बारसं पुन्हा झालं. सरांना त्या दिवशी सुट्टी मिळाली नाही. मी परत निघालो तेव्हा मावशींनी एक कॅन माझ्या हातात दिला. "पलीकडच्या बोअरचं हाय. आता हेच वापरतो. साहेबाला म्हणावं, आधी नळीत घाला. मग आमच्या नावानं घोटभर प्या."

सरांनी ते पाणी तीन वेळा तपासलं. तिसऱ्यांदाही चांगलं निघालं, तेव्हा स्टीलचा ग्लास विसळून आणला, काठोकाठ भरला, खाली बसले आणि एका दमात प्यायले.

"लई वर्षांनी कुणाच्या घरचं पाणी पिलो, शिंदे."

नऊ वर्षांत पहिल्यांदा मी विचारलं, "किती, सर?"

त्यांनी आकडा काही सांगितला नाही. ग्लास पुढं करून म्हणाले, "अजून घाल."