सासूबाईंचं टिंग

सगळं त्या पहिल्या रांगेमुळे झालं. नेहमीसारखा मागे दाराजवळ बसलो असतो, तर सासरच्या माणसांत आज मला मान असता. (फार नाही, पण होता तेवढा तरी.)

माझे सासरे जॅझ बँडचे लीडर. ('बँडमास्टर' म्हटलेलं त्यांना खपत नाही. मी एकदा म्हणून बसलोय.) यंदा संगीत महोत्सवात त्यांच्या बँडचं लाइव्ह रेकॉर्डिंग ठरलं आणि शेवटचा सूर त्यांनी सासूबाईंना दिला. जन्मभर या बाईंनी सॅक्सोफोन पुसले, वादकांना चहा पाजला. आता ट्रँगल नावाच्या त्या टांगलेल्या लोखंडी त्रिकोणावर एकच ठोका त्यांचा. अख्खा बँड एकदम थांबणार, सासरे हात वर धरून ठेवणार आणि त्या शांततेत सासूबाईंचं टिंग. बस्स. एवढ्यासाठी त्या महिनाभर स्वयंपाकघरात टांगलेल्या झाऱ्यावर चमचा मारत होत्या. भाज्या करपल्या, पण कुणी ब्र काढला नाही.

बायको म्हणाली, बाबांसाठी तुम्हीही कधीतरी पुढे व्हा. मी ठरवलं, पहिली टाळी आपली. झालं! बँड थांबला, सासऱ्यांचा हात वर गेला आणि मी पहिल्या रांगेतून अशी कडाडून टाळी वाजवली की सगळं सभागृह माझ्यामागून सुटलं. लोक उभे राहिले. सासूबाईंनी टिंग वाजवलं म्हणे, पण ते त्यांचं त्यांनाही ऐकू आलं नाही.

परतताना गाडीत सासूबाई खिडकीबाहेर बघत एवढंच म्हणाल्या, "एकच तर होतं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नशीब, दुसऱ्या दिवशीही कार्यक्रम होता आणि रेकॉर्डिंगवालेही थांबले होते. बायकोने पुन्हा पहिल्याच रांगेत बसवून माझा पक्का बंदोबस्त केला. डाव्या हातात मेहुणीचं झोपलेलं बाळ, उजव्या हातात सासूबाईंची पर्स. (पर्स बाळापेक्षा जड होती.) सासऱ्यांनी माझ्याकडे बघतच माइकवरून सांगितलं की काल कुणीतरी घाई केली, तेव्हा आज शेवट झाल्याची पुरती खात्री झाल्याशिवाय कृपया कुणी टाळी वाजवू नये.

बँड थांबला. हात वर. आणि टिंग! काय सांगू, इतकं स्वच्छ, इतकं गोड. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. पुसायला हात नव्हता.

पण टाळी कुठली? सगळ्यांनी धसका घेतलेला. जो तो शेजाऱ्याकडे बघतोय आणि शेजारी माझ्याकडे. सासऱ्यांचा हात अजून वरच. शेवटी सासूबाईच ट्रँगलसमोरच्या माइककडे वाकल्या.

"जावईबापू, आता वाजवा."

त्यानंतर लोक आधी पोट धरून हसले आणि मग टाळ्या थांबेनात.

रेकॉर्ड निघाली. टिंग अगदी खणखणीत आलंय. सासूबाई आल्यागेल्याला तेवढा शेवट आवर्जून ऐकवतात. त्यांचं सुख बघून मलाही बरं वाटतं, खोटं कशाला बोलू? एवढंच, की सासऱ्यांची जन्मभराची तपश्चर्या, सगळ्या बँडची मेहनत, सासूबाईंचं टिंग, हे सगळं संपल्यावर आणि टाळ्या सुरू होण्याआधी त्या रेकॉर्डवर माझा आवाज स्पष्ट येतो:

"आई, पर्स कुठे ठेवू?"