कळमनुरीत समुद्राची तयारी

कळमनुरीत भाड्याच्या खोलीत राहायला गेलो, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मागची खिडकी उघडली, तर सोयाबीन निघालेल्या कोरड्या रानात एक पन्नाशीचा माणूस उभा होता. अंगात बनियन, खाली खात्याची खाकी पँट, गळ्यात तुळशीची माळ आणि हातात मासे धरायची आठ फुटी काठी. चाळीस पावलांवर एक घमेलं ठेवलेलं. तो काठी मागं घ्यायचा, मनगटाला झटका द्यायचा आणि दोऱ्याच्या टोकाला बांधलेला चमचा हवेतून जाऊन घमेल्याच्या आसपास पडायचा. मग चरखी फिरवत तो चमचा ढेकळांतून ओढत आणायचा आणि पुन्हा फेकायचा. घमेल्यात पाणी नव्हतं. रानात नव्हतं. त्या साली आडातही फारसं नव्हतं.

मी खिडकीतूनच विचारलं, "काय चाललंय?"

"समुद्राचा सराव करून राहिलो," तो म्हणाला आणि पुढचा चमचा फेकला.

हे आमचे घरमालक, किसनराव वायरमन. परभणीतून हिंगोली वेगळा जिल्हा निघाला, त्याच्या मागच्यापुढच्या वर्षांतली ही गोष्ट. मी हायस्कुलात भूगोल शिकवत होतो. किसनराव वीज खात्यात होते. खांबावर चढायचं, तारा ओढायच्या, उतरायचं. घर नरसीकडच्या शेतकऱ्यांचं, पिढीजात माळकरी. मासा तर सोडाच, अंड्याचा वासही त्यांना चालत नसे. समुद्र त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. आणि हा माणूस खाऱ्या पाण्यातले मासे पकडण्याचं शिक्षण घेत होता.

तेही साधंसुधं नाही. गळाला गांडूळ लावून बसणं त्यांना नामंजूर होतं. "जिवाला टोचून जीव धरायचा, हे न्हाई जमत," असं ते म्हणत. त्यांचं सगळं खोट्या माशावर. म्हणजे धातूचा चकचकीत तुकडा पाण्यातून असा ओढायचा, की मोठ्या माशाला तो पळणारा बारका मासा वाटावा आणि त्यानं झडप घालावी. हे खोटे मासे ते घरीच करत. लग्नात आलेल्या स्टीलच्या चमच्यांचे दांडे कापायचे, दोन्ही टोकांना भोकं पाडायची, एका भोकात कडी, दुसऱ्यात गळ. वर्षभरात घरात चमचा म्हणून एकच उरला, आणि तो त्यांच्या बायकोनं, रुक्मिणकाकूंनी, धान्याच्या कोठीत लपवला होता. मला साखर ढवळायला काकू पळीचा दांडा द्यायच्या.

सरावाला त्यांचे नियम होते. रोज पन्नास फेकी. त्यातल्या वीस घमेल्यात पडल्याशिवाय चहा नाही. सुरुवातीला मी त्यांना थेट अकरा वाजता सकाळचा चहा पिताना पाहिलं आहे.

"जोर न्हाई लावायचा, गुरुजी. मनगट," ते मला समजावत. "बोटानं दोरा धरायचा आन काठी इथवर आली की सोडायचा. लवकर सोडला तर आभाळात जातो. उशिरा सोडला तर पायापाशी पडतो. बराबर जागंवर सुटला पायजे."

एकदा तो बराबर जागेवर सुटला नाही. रानाच्या कडेनं सायकलवर एक पाहुणा चालला होता. त्याच्या डोक्यावरची टोपी उचलली गेली आणि हवेत गिरकी घेऊन रानात पडली. किसनरावांनी शांतपणे चरखी फिरवून टोपी ओढून आणली, गळ सोडवला, टोपी झटकली आणि पाहुण्याच्या हातात दिली.

"माफी करा, पाव्हणं. पण टोपीला भोक न्हाई पडलं, बघून घ्या."

त्या दिवसापासून रानातल्या सरावाच्या चमच्याला त्यांनी गळ लावला नाही.

सामानाच्या बाबतीत तर त्यांचा हट्ट विलक्षण होता. खात्यातला एक साहेब मुंबईला बदलून गेला होता, त्याला पत्रं लिहून लिहून त्यांनी काठी आणि चरखी मागवली. आलेली पहिली काठी परत पाठवली. शेंडा टणक आहे, म्हणाले. शेंडा मऊ पाहिजे, बूड टणक पाहिजे. शेंड्यानं मासा कळतो, बुडानं ओढता येतो. नायलॉनचा दोरा, ज्याला तंगूस म्हणतात, त्याची ताकद त्यांनी पाण्याची बादली टांगून तपासली. समुद्राच्या माशाला दात असतात असं कळल्यावर दोऱ्याच्या शेवटच्या दोन हातांना जाड तंगूस जोडला. ती गाठ जमेपर्यंत पंधरा दिवस घरातल्या सगळ्या नाड्या, सुतळ्या आणि म्हशीचं दावंसुद्धा त्या एकाच गाठीनं बांधलेलं होतं.

मग मिठाचं प्रकरण. खाऱ्या पाण्यात कोणता गळ गंजतो हे पाहायचं म्हणून त्यांनी सात पेल्यांत मिठाचं पाणी केलं, सात तऱ्हेचे गळ त्यांत दोऱ्यानं सोडले आणि पेले देवळीत ओळीनं मांडले. रोज उठून नमस्कार देवाला, मग पेल्यांची पाहणी.

"सात जन्मात समुद्र दिसला न्हाई," रुक्मिणकाकू मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आन घरातलं मीठ संपून राहिलं."

"अजून चार दिवस," किसनराव म्हणाले. "चौथा न् सहावा टिकून हायत."

माझा त्यांना उपयोग झाला तो भरती-ओहोटीपुरता. नववीच्या पुस्तकातला तो धडा मी त्यांना ओसरीवर बसून शिकवला. वर्गातली पोरं जे कधी विचारत नसत ते त्यांनी विचारलं. रोज पन्नास मिनिटं उशीर का? चंद्र अर्धा असला की पाणी कमी का चढतं? मला दोन संध्याकाळी अभ्यास करावा लागला. पुढं त्यांनी गोठ्याच्या दारावर खडूनं वेळा लिहायला सुरुवात केली. कळमनुरीपासून समुद्र सरळ रेषेत मोजला तरी शेकडो मैल, पण चहा पिता पिता हा माणूस घड्याळाकडं बघून म्हणायचा, "तिकडं आता पाणी उतरायला लागलं असंल."

पाण्यातला सराव म्हणून ते सुटीच्या दिवशी ईसापूर धरणावर जात. मीही एकदा गेलो. तिथले भोई त्यांना ओळखत होते आणि त्यांच्यावर हसून हसून आता कंटाळले होते. त्या दिवशी किसनरावांच्या चमच्याला हातभर लांबीची मरळ लागली. त्यांनी ती काठावर आणली, ओल्या फडक्यानं धरली, पकडीनं गळ काढला आणि हात जोडून पुन्हा पाण्यात सोडली.

एक म्हातारा भोई जाळं टाकून उठला. "सोडून काहून दिली हो? मला द्यायची."

"तुमची जाळ्यात येईल," किसनराव म्हणाले. "हिनं मला शिकवलं. हिला कसं देऊ?"

तीन वर्षं हे चाललं. मला वाटायचं, माणसाला एक वेड असतं, कुणाला पत्त्यांचं, कुणाला भजनाचं, यांना हे. कोकणात त्यांची मुलगी दिलेली आहे, सुनंदा, नर्स आहे, एवढं मला माहीत होतं. दोन्ही गोष्टींचा संबंध मी कधी लावला नाही. भूगोलाच्या माणसाला नकाशातलं सगळं दिसतं. शेजारच्या ओसरीवरचं दिसत नाही.

चौथ्या वर्षी दिवाळीनंतर रुक्मिणकाकू माझ्या खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"गुरुजी, हे रत्नागिरीला जातो म्हणून राहिले. तुमी संगं जावा."

"तुम्ही नाही जात?"

"म्हशीला कोण बघंल? आन मी जाऊन आले, पोरीच्या बाळंतपणात. भावाला घेऊन गेले, ह्यांना न विचारता." त्या उंबऱ्यावर बसल्या. "सुनंदानं तिथल्या पोराशी लग्न केलं. दर्यावर जाणारं घर, मासे खाणारं. हे म्हणले, माझी पोरगी मेली. लग्नाला गेले न्हाईत. कागद न्हाई, फोन न्हाई. बारशाचं बोलावणं आलं, तवा रातभर, असं सांगते तुमाला, ओसरीत बसून होते. सकाळी त्या मुंबईच्या साहेबाला काठीसाठी कागद लिहिला, आन मग ती घमेल्याची खोड काढली." त्यांनी पदर सावरला. "मला कवा बोलले न्हाईत. पण मला कळतं. एकटे गेले तर दारातून परत येतील. तुमी असले की लाजंनं तरी आत जातील."

मी रजा टाकली. शिवाय समुद्र मीही पाहिलेला नव्हता, आणि वीस वर्षं शिकवत होतो.

काठी त्यांनी पाण्याच्या पाइपात घातली होती. कंडक्टरनं विचारलं, "यात काय?" किसनराव म्हणाले, "काठी." "मग पाइपात कशाला?" "तिला हवा लागू नये." कंडक्टरनं आम्हाला शेवटच्या सीटवर बसवलं. गाड्या बदलत, दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही सुनंदाच्या गावाला पोचलो.

सुनंदानं दार उघडलं. कडेवर तीन वर्षांचं लेकरू. ती काही बोलण्याआधीच मागून तिचा नवरा अनंत आला. काळासावळा, कमी बोलणारा. किसनरावांनी मुलीकडं पाहिलंच नाही. तिच्या खांद्यावरून जावयाला विचारलं, "गळ टाकायचे खडक कुठल्या अंगाला हायत?"

अनंतनं बायकोकडं पाहिलं. मग म्हणाला, "आधी पाणी घ्या, मामा. मग दाखवतो."

पहिल्या दिवशी जे झालं ते कळमनुरीत कुणालाही सांगायचं नाही असं माझ्याकडून वचन घेतलेलं होतं; आता इतक्या वर्षांनी सांगतो. तीन वर्षांत त्यांनी सगळ्याचा अभ्यास केला होता, वाऱ्याचा केला नव्हता. सोयाबीनच्या रानात वारा कुठला? इथं समोरून येणाऱ्या वाऱ्यानं त्यांचा चमचा अर्ध्यावरून परत आणून खडकावर टाकला. दोऱ्याचा चरखीवर असा गुंता झाला की तो सोडवण्यात ओहोटी संपली. दोन पोरं हसली. किसनरावांनी गुंता सोडवला आणि पुन्हा फेकला. पुन्हा गुंता.

दुसऱ्या दिवशी अनंत मागं येऊन उभा राहिला. त्यानं चार फेकी पाहिल्या. मग म्हणाला, "मामा, मी बोलू का?"

"बोला की."

"काठी एवढी वर नका घेऊ. आडवी, कमरेपाशी. चमचा वाऱ्याच्या खालून गेला पाहिजे."

किसनरावांनी आडवी घेतली. चमचा लांब गेला, फेसाच्या पलीकडं. अनंतनं तोंडातल्या तोंडात शाबास म्हटलं. फेकीत चूक काढण्यासारखं त्याला पुन्हा काही सापडलं नाही. पण मासा लागेना.

तिसऱ्या सकाळी तो पुन्हा म्हणाला, "तुम्ही ओढता फार सरळ. मोटार चालल्यासारखं. घाबरलेला मासा असा पळत नाही. पळतो, थांबतो, जरा बुडतो, पुन्हा पळतो. थांबलात की लागेल."

"थांबायचं?" किसनरावांना हे पटायला जड गेलं. तीन वर्षं ते न थांबता ओढत आले होते.

त्यांनी ओढलं, थांबवलं. ओढलं, थांबवलं. तिसऱ्या थांब्याला काठीचा शेंडा पाण्याकडं खेचला गेला आणि चरखी करकरायला लागली. किसनराव घाबरले असावेत, कारण शिकवलेलं सगळं विसरून त्यांनी डाव्या हातानं दोराच धरला. अनंत पाण्यात उतरला होता. "दोरा सोडा मामा, काठीवर घ्या. जाऊ दे त्याला. आता आणा." दोघं मिळून दहाएक मिनिटं झगडले. आला तो तांबूस, हातभर लांब, रुंद पाठीचा मासा. तिकडं त्याला तांबोशी म्हणतात.

अनंतनं गळ काढला आणि मासा पाण्याजवळ धरून विचारलं, "सोडू? मामी फोनवर सांगत होत्या, तुम्ही सोडता म्हणून."

किसनराव धापा टाकत खडकावर बसले होते. माळ त्यांनी हातानं सारखी केली. "न्हाई," ते म्हणाले. "घरी लेकरू हाय. न्या. शिजवा."

घरी येईपर्यंत त्यांच्या डाव्या तर्जनीतून रक्त ठिबकत होतं. दोऱ्यानं बोट चांगलंच कापलं होतं. सुनंदा नुकतीच ड्युटीवरून आली होती. तिनं काही न विचारता त्यांना पडवीत बसवलं, पाणी आणलं, मलमपट्टीचा डबा आणला आणि त्यांचा हात मांडीवर ओढून घेतला. तीन दिवसांत दोघं पहिल्यांदाच इतकी जवळ बसली होती. मी उठायला लागलो, पण किसनरावांनी उजव्या हातानं माझा सदरा धरला.

तिनं जखम धुतली. डोकं खाली ठेवूनच विचारलं, "किती दिवस शिकलात हे?"

"तीन वर्षं."

"एसटीडीवरून फोन केला असता तर तीन मिनिटं लागली असती, आबा."

किसनरावांनी बोटाकडं पाहिलं. "फोनवर बोललो काय असतो?" ते म्हणाले. "मला तुझ्या घरचं काहीच येत नव्हतं."

सुनंदानं कापूस लावला आणि पट्टी गुंडाळायला घेतली. एक वेढा, दुसरा, तिसरा. त्या एवढ्याशा बोटाला लागतील त्याहून कितीतरी जास्त. त्यांनी माझा सदरा कधी सोडला ते मला कळलं नाही. पट्टी बांधून झाली, तिनं कात्री बाजूला ठेवली, आणि तरी हात तिच्या मांडीवर तसाच होता.