गेंडोबाचं नाक

"आज त्या ठिपक्याला असा गुंडाळतो, असा गुंडाळतो, की त्याचं त्यालाच कळायचं नाही!" हेडक्लार्क आरशासमोर छाती काढून म्हणाले.

"आधी ते शेवटचं बटण लावा," बायको म्हणाली.

छाती पुढे काढली म्हणून पोट काही मागे जात नाही. ते बटण बरेच दिवस संपावरच होतं. हेडक्लार्कांनी त्याचा नाद सोडला आणि घरभर चष्मा शोधायला सुरुवात केली. कपाटावर पाहिलं, फ्रिजवर पाहिलं, फ्रिजमध्येही पाहिलं!

"डोक्यावर," बायको शब्दकोड्यातून मान वर न करता म्हणाली. केसांत खोचलेली पेन्सिल काढून तिने एक उभा शब्द भरला आणि पेन्सिल परत केसांत खोचली. "चष्म्याला दोरी लावा, मी म्हटलं नव्हतं?"

"मी म्हटलं नव्हतं?" हे तिचं ब्रीदवाक्य. दिवसातून किमान सहा वेळा, सुट्टीच्या दिवशी दहा.

आता हा ठिपका कोण, ते तुम्हाला सांगायला हवं. आपले हेडक्लार्क पाणीपुरवठा कार्यालयात नोकरीला, पण मनाने बाललेखक! बावीस वर्षं त्यांनी रद्दी अर्जांच्या कोऱ्या बाजूवर गोष्टी लिहिल्या. बावीस वर्षं त्या साभार परत आल्या. शेवटी गेल्या वर्षी एक पुस्तक निघालं, ‘गेंडोबाची छत्री’. मुखपृष्ठावर खाली लिहिलं होतं, ‘चित्रं: ठिपका’. बस, एवढंच! नाव नाही, गाव नाही.

पुस्तक मुलांना फार आवडलं. घोटाळा एकच झाला. चित्रातला गेंडोबा हुबेहूब हेडक्लार्कांसारखा निघाला! तेच नाक, तेच पोट, तेच बोट नाचवणं. कचेरीत शिपायापासून साहेबापर्यंत सगळे त्यांना गेंडोबा म्हणू लागले. एका शाळेत गोष्ट सांगायला गेले, तर ओळख करून द्यायच्या आधीच पहिलीतली चाळीस मुलं ओरडली, "गेंडोबाऽऽ!"

"कुणीतरी त्याला माझा फोटो पुरवलाय!" हेडक्लार्क वर्षभर धुमसत होते. पण ठिपक्याला गाठायचं कसं? संपादकबाईंचा नियम कडक. लेखक आणि चित्रकार यांची गाठ त्या पडूच देत नसत. "भेटलात की भांडता, आणि भांडण माझ्या गळ्यात येतं," असं त्या म्हणायच्या.

पण आज बालपुस्तकं करणाऱ्या लेखक-चित्रकारांचा विभागीय मेळावा होता. दुपारी जुगलबंदीचा कार्यक्रम होता. लेखकाने नवी गोष्ट वाचायची, त्याच्या चित्रकाराने तिथल्या तिथे मोठ्या कागदावर चित्रं काढायची. संपादकबाईंनी फोनवर बजावलं होतं, "दुसरा गेंडोबा काढायचा की नाही, ते ठिपका ठरवणार. होकार आला तर पुस्तक, नाहीतर विषय संपला."

म्हणून हेडक्लार्कांचा बेत असा होता: आधी गोड बोलून होकार काढायचा, आणि एकदा होकार आला की नाकाचा विषय काढायचा! नाक अर्धं, पोट पाऊण.

"जपून बोला," बायको म्हणाली. "तुम्ही गोड बोलायला लागलात की माणसं घाबरतात."

*

मेळावा एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर होता. दारातच कोरे बिल्ले आणि रंगीत पेनं ठेवली होती. बिल्ल्यावर नाव लिहायचं नाही, हा तिथला जुना रिवाज. आपलं पात्र नाहीतर आपली खूण काढायची, आणि त्यावरून एकमेकांना ओळखायचं! चित्रकारांनी चुटकीसरशी ससे, माकडं, पंख असलेल्या बादल्या काढल्या. हेडक्लार्कांनी वीस मिनिटं जीभ बाहेर काढून गेंडा काढला.

"वा! किटली का?" शेजारची लेखिका म्हणाली.

"गेंडा आहे!"

"हो का? मग हे वाफ निघतेय ते काय?"

"शेपूट."

हेडक्लार्क तिथून सटकले. डोळ्यांत तेल घालून ते ठिपका शोधू लागले. चित्रकार कसा असतो हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तरुण, मागे केसांची शेंडी, पँटला रंगाचे डाग. आणि व्यासपीठाजवळ अगदी तस्साच एक तरुण उकिडवा बसलेला दिसला! बिल्ला मात्र नव्हता. कलावंताची मिजास, दुसरं काय!

हेडक्लार्कांनी मागून जाऊन त्याचा हातच धरला. "काय तुमचं काम! काय तुमचा हात! मी तर वर्षभर तुमचंच नाव घेतोय!"

"माझं?" तरुण गोंधळला.

"आता दुसऱ्यालाही हो म्हणून टाका!"

"दुसरापण लावू? एकच सांगितला होता. पण लावतो, चला."

एवढ्या झटक्यात होकार! हेडक्लार्कांना आकाश ठेंगणं झालं. त्यांनी लगेच मुद्द्याला हात घातला. "मग या खेपेला नाक जरा कमी करा की!"

तरुणाने त्यांच्या नाकाकडे नीट पाहिलं. "काका, मी माइकवाला आहे. आवाज कमी-जास्त करून देतो. नाकाचं माझ्याकडे नाही."

*

तोंड कडू झालं म्हणून हेडक्लार्क चहाच्या टेबलाकडे वळले. तिथे साठीच्या एक बाई चहाच्या मोठ्या पिंपाची अडकलेली तोटी पेनाने ठोकत होत्या. पांढरे आखूड केस, पायात मऊ बूट. कुणाच्या तरी सोबत आल्या असतील, नाहीतर चहाची व्यवस्था बघत असतील, असं हेडक्लार्कांनी ठरवून टाकलं. ठरवायला त्यांना कधीच वेळ लागत नसे.

"बाई, तुमच्या बिल्ल्यावर शाई सांडली बघा," ते म्हणाले. कोऱ्या बिल्ल्याच्या मधोमध एक काळा गोल होता. "थांबा, हलू नका!" त्यांनी रुमाल ओला केला आणि तो गोल पुसायलाच घेतला. गोल गेला नाही, पसरला. "जाऊ दे, घरी साबणाने जाईल."

"जाईल," बाई म्हणाल्या. त्यांनी हेडक्लार्कांना चहा भरून दिला. "कुणाला शोधताय का? मघापासून बघतेय."

एवढं पुरे होतं! कुणीतरी विचारायचा अवकाश, हेडक्लार्कांचा बांध फुटला. नाक, पोट, कचेरी, पहिलीतली चाळीस मुलं, सगळं सगळं त्यांनी बोट नाचवत सांगितलं. बाई मन लावून ऐकत होत्या आणि हातातल्या कागदी रुमालावर काहीतरी गिरवत होत्या.

"फारच मोठं काढलंय का नाक?" त्यांनी विचारलं.

"मोठं? अहो, पान चारवर सुरू होतं ते पान पाचवर संपतं! त्या माणसाला रेघ ओढता येत नाही, म्हणून नाव ठिपका! पण मीही काही कच्च्या गुरूचा चेला नाही. आज गोड बोलून होकार काढतो, मग बघतो त्याच्याकडे. हे आपलं तुमच्या-माझ्यात हं!"

"माझ्या तोंडून एक शब्द बाहेर जायचा नाही," बाई म्हणाल्या. "हाताचं मात्र सांगता येत नाही."

हा काय बोलायचा प्रकार, असा विचार हेडक्लार्कांनी केला आणि दुसरा चहा घेतला.

*

दुपारी सभागृह गच्च भरलं. दोन माइक लागले होते. हेडक्लार्क नव्या गोष्टीचे कागद घेऊन व्यासपीठावर चढले. संपादकबाई म्हणाल्या, "आणि आता या जोडीतल्या चित्रकार, ठिपका!"

टाळ्यांच्या कडकडाटात चहावाल्या बाई पायऱ्या चढून वर आल्या. बिल्ल्यावर तो पसरलेला काळा डाग. त्यांनी हेडक्लार्कांना छान हसून नमस्कार केला.

हेडक्लार्कांच्या पायाखालची जमीन सरकली. बावीस वर्षं! बावीस वर्षांनी एक पुस्तक निघालं, आणि दुसऱ्याचं दोन कप चहात वाटोळं केलं! पळून जावं म्हटलं तर जिन्याच्या तोंडाशी माइकवाला बसलेला.

"सुरू करा," संपादकबाई म्हणाल्या.

कागदावरची अक्षरं मुंग्यांसारखी दिसू लागली. चष्मा! त्यांनी वरचा खिसा चाचपला, पँटचे दोन्ही खिसे चाचपले, व्यासपीठावरच्या टेबलाखाली वाकून पाहिलं. वाकताना त्या शेवटच्या बटणाच्या वरचं बटणही तुटलं आणि टणकन माइकवर आपटलं. सभागृहात हशा पिकला. मागे कागदावर खडू सर्रसर्र चालत होता. हशा वाढतच गेला.

"डोक्यावर आहे!" पहिल्या रांगेतल्या चार जणी एकदम ओरडल्या.

चष्मा डोळ्यांवर आला आणि हेडक्लार्कांनी मागे वळून पाहिलं. कागदावर भलाथोरला गेंडोबा! डोक्यावर चष्मा, हातात चहाचा कप, बोट नाचवत एका छोट्याशा काळ्या ठिपक्याला काहीतरी ठणकावून सांगतोय, आणि नाक कागदाच्या कडेबाहेर गेलंय.

आता लपवायला काही उरलंच नव्हतं. हेडक्लार्क वाचू लागले. आणि काय सांगू, असे वाचले की बस! नव्या गोष्टीत गेंडोबाच्या घरी गेंडाकाकू येते. ती केसांत पेन्सिल खोचते, गेंडोबाच्या प्रत्येक पत्रातल्या चुका काढते आणि उठल्यासुटल्या विचारते, "मी म्हटलं नव्हतं?" दर खेपेला सभागृह हसून लोळत होतं, आणि ठिपकाबाईंचा खडू थांबायचं नाव घेत नव्हता.

*

कार्यक्रम संपला तसे हेडक्लार्क खाली मान घालून ठिपकाबाईंपुढे गेले. "बाई, मला माफ करा. मी नको ते बोललो. पुस्तक नाही म्हणालात तरी चालेल. पण एवढं सांगा, माझा फोटो तुम्हाला दिला कुणी?"

"फोटो? अहो, मी तुम्हाला आज पहिल्यांदा बघतेय."

"फोटो दिला नव्हता," संपादकबाईंनीही सांगितलं. "माझा नियमच आहे तसा."

ठिपकाबाईंनी पिशवीतून ‘गेंडोबाची छत्री’ काढलं आणि त्यांच्यापुढे उघडलं. "पान दोन: गेंडोबा आधी बोलतो, मग ऐकतो. पान चार: जिथे तिथे नाक खुपसतो. पान सात: चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधतो. पान नऊ: शेवटचं बटण कधीच लागत नाही. हे सगळं लिहिलं कुणी? लिहिलं तसं मी काढलं. नाक कमी हवं असेल, तर लिहिताना कमी करा."

हेडक्लार्कांचे कान तापले. बावीस वर्षं आपण गेंड्याच्या गोष्टी लिहितोय असंच त्यांना वाटत होतं!

"म्हणजे पुस्तक..." त्यांनी चाचरत विचारलं.

"करूया की! त्या गेंडाकाकूसाठी तरी करायलाच हवं. तिच्यावर माझा फार जीव जडलाय. नुसतं ऐकून अख्खी बाई डोळ्यांपुढे उभी राहिली."

हेडक्लार्कांच्या डोळ्यांत पाणीच आलं. त्यांनी तिथूनच घरी फोन लावला. "अगं, होकार आला! आणि ऐक, तिने माझा फोटो पाहिलाच नव्हता. नुसतं लिहिलेलं वाचून मला काढलंन!"

"पहिल्यांदा वाचलं तेव्हाच मी विचारलं होतं, स्वतःवर लिहिलंय का म्हणून," फोनवर बायको म्हणाली. "तुम्ही उखडलात. मी म्हटलं नव्हतं?"

हेडक्लार्क सावकाश वळले. ठिपकाबाई नव्या कागदावर गेंडाकाकूवर शेवटचा हात फिरवत होत्या. केसांत पेन्सिल, मांडीवर शब्दकोडं, भुवई एकच वर. गोष्टीत शब्दकोड्याचा उल्लेखही नव्हता!

"बाई," ते म्हणाले, "त्या गोष्टीत जरा बदल हवाय. एक पात्र काढून टाकायचंय."

"छे, छे! नाकाचं काय करायचं ते करा, पण काकूला हात लावायचा नाही!" ठिपकाबाई खणखणीत आवाजात म्हणाल्या. माइकवाल्याने लावलेला दुसरा माइक अजून चालूच होता.

फोनमधून आवाज आला, "कोण काकू?"

हेडक्लार्कांनी फोन हळूच कानापासून दूर धरला आणि घाईघाईने चष्मा शोधायला घेतला. तो डोळ्यांवरच होता.