ठेक्याचे तीन अल्बम

महिनाअखेरीपर्यंत एकही नवा श्रोता नोंदला गेला नाही, तर ग्रंथालयाचा संगीत विभाग बंद करून तिथे मोडक्या खुर्च्या ठेवण्यात येतील, असा आदेश निघाला. विभागाचे एकुलते एक कारकून एकोणीस वर्षं त्या खोलीत बसत होते. त्यांचा जीव त्या रेकॉर्डींत अडकला होता.

पाच तारखेला शिवणकाम करणाऱ्या मावशी आल्या. भाचीने त्यांना एका तऱ्हेवाईक रॉक गिटारवाल्याचा अल्बम ऐकवला होता. या गृहस्थाचे अल्बम बासष्ट, त्यातला एक गिटारला तारा न लावता वाजवलेला. भाचीने नेमका तोच निवडला होता.

"माझा पाय शिलाई मशीनवर चालतो ना, तसा आपोआप हलला पाहिजे," मावशी म्हणाल्या. "असलं काही आहे का त्याचं?"

असे तीन अल्बम कारकुनांना तोंडपाठ होते. पण कर्मचाऱ्याने परस्पर शिफारस करायची नाही, असा नियम. त्यांनी सुवाच्य अक्षरात टिपण लिहिलं : 'नवख्यांसाठी ठेक्याचे तीन अल्बम देण्यास मंजुरी मिळावी.'

साहेबांनी 'ठेक्याचे' या शब्दाखाली लाल रेघ मारून टिपण निविदा शाखेकडे धाडलं. शाखेने रीतसर निविदा काढली आणि गटारांची झाकणं पुरवणाऱ्याला काम मिळालं. कारकुनांनी वर जाऊन हात जोडले, हा ठेका पायाने धरायचा असतो म्हणून परोपरीने सांगितलं.

"ठेका म्हणजे ठेका," साहेब म्हणाले. "त्यात उगाच ताल आणू नका."

तीस तारखेला माल आला. तिन्ही नग त्या एकाच बिनतारांच्या अल्बमचे होते. नग बरोबर भरले, त्यामुळे कोणाची हरकत नव्हती.

त्याच दुपारी मावशी आल्या. कारकुनांनी जन्मात पहिल्यांदा नियम मोडला आणि कपाटातली खऱ्या ठेक्याची रेकॉर्ड लावली. मावशींचा पाय हलला. कारकुनांचे डोळे भरून आले. तेवढ्यात साहेब दारात उभे राहिले. त्यांच्याही बुटाचं टोक हलत होतं, ते त्यांनी दुसऱ्या बुटाने दाबून धरलं.

"हा अल्बम मंजूर नाही," ते म्हणाले.

मावशींचा पाय थांबला. "तरीच," त्या म्हणाल्या, "मला जरा उथळच वाटत होता."

त्यांनी मंजूर अल्बम डोळे मिटून ऐकला, 'फार खोल आहे' असा शेरा लिहिला आणि नाव नोंदवलं. विभाग वाचला. आता तिथे बिनतारांच्या अल्बमसाठी रांग लागते आणि कारकून मुकाट्याने टोकन वाटतात.

ही गोष्ट वाचताना तुम्हाला हसू आलं असेल, तर घाई करू नका. आधी शेजारचा हसतोय का, ते पाहून घ्या. एरवी तरी दुसरं काय करतो आपण?