झुंबराबाबत अतृप्त आत्म्याचे म्हणणे

भीती शक्यतो जुनीच घ्यावी. नव्या भीतीची खात्री कोणी देत नाही. जुनी भीती मात्र अख्ख्या पिढीने वापरून पाहिलेली असते आणि अंगाला बरोबर बसते. याच शहाणपणाला स्मरून धाकट्या मालकांनी आपल्या वडिलांनी एकतीस वर्षांपूर्वी काढलेला भुताचा चित्रपट नव्याने काढायचं ठरवलं. नाव तेच ठेवलं, पुढे फक्त 'पुन्हा' जोडलं. (या एका शब्दासाठी चार बैठका झाल्या. 'परत' हा शब्द दोन मतांनी पडला.)

गोष्टही तीच. नवी नवरी मोठ्या घरात राहायला येते. तिला जिन्यावर एक बाई दिसते, मोकळ्या केसांची. ती घरात सगळ्यांना सांगते आणि कोणाचाही विश्वास बसत नाही. नवरा म्हणतो, "तुला भास होतोय." डॉक्टर म्हणतात, "झोप कमी पडतेय." नणंद म्हणते, "तू फार विचार करतेस." शेवटी झुंबर हेलकावे खातं, दिवे विझतात, सगळ्यांची खात्री पटते, तोवर नवरीला वेड लागलेलं असतं. त्या काळी हे पाहून थेटरात माणसं बेशुद्ध पडली होती, असं जाहिरातीत म्हटलं होतं.

आजचा प्रेक्षक नेमका कशाला घाबरतो, याची आधी शास्त्रशुद्ध पाहणी झाली. जुना चित्रपट चाळीस जणांना दाखवला. सव्वीस जण जिन्यावरच्या बाईला घाबरले, नऊ जण संगीताला, चौघांना थेटरातल्या एसीचीच भीती वाटली. राहिलेल्या एका गृहिणीने 'मला नवऱ्याची भीती वाटली' असं लिहिलं. प्रश्न नीट न समजल्यामुळे तिचा फॉर्म बाद केला.

अशा सर्व पूर्वतयारीनिशी काम सुरू झालं, आणि त्यात वहीताई होत्या.

चित्रपटात एक माणूस असा लागतो ज्याचं काम फक्त लक्ष ठेवणं असतं. मागच्या शॉटमध्ये कपात चहा किती होता, मेणबत्ती किती जळली होती, नायिकेचं वरचं बटण लावलेलं होतं की उघडं. कारण शॉट अर्धा मंगळवारी घेतात आणि अर्धा शुक्रवारी, आणि पडद्यावर त्याच बाईने एका पावलात मंगळवारातून शुक्रवारात जायचं असतं, तेही न अडखळता. हे काम वहीताई बावीस वर्षं करत होत्या. हातात भलीमोठी वही, कानामागे पेन्सिल, गळ्यात छोटा कॅमेरा. बावीस वर्षांत त्यांच्या वहीत एकही खोटी नोंद नव्हती. याचा त्यांना गर्व होता, आणि तो लपवायला त्यांना कधी जमलं नाही.

नवव्या दिवशी सकाळी अकरा वाजता (पटकथेनुसार मध्यरात्री, खिडक्यांना काळं कापड ठोकलेलं होतं) त्यांच्या लक्षात आलं की झुंबर खाली आलं आहे. पहिल्या दिवशीच्या फोटोत त्याचा सगळ्यात खालचा लोलक दाराच्या चौकटीच्या वर दिसत होता. आता तो चौकटीच्या चार बोटं खाली दिसत होता. झुंबर अस्सल होतं, लोखंडाचं आणि काचेचं, जुन्या चित्रपटातलं तेच. धाकट्या मालकांनी हट्टाने गोदामातून आणवलं होतं. त्याला पेलणारा हुक हळूहळू उघडत होता, आणि त्याच्या बरोबर खाली नायिका एकूण एकवीस शॉटमध्ये उभी राहणार होती.

नायिका तेवीस वर्षांची, पहिलाच चित्रपट. जेवायच्या सुट्टीत वहीताईंशेजारी येऊन बसायची आणि विचारायची, "ताई, माझी भीती कालच्याएवढीच झाली ना? कमी-जास्त नाही ना?" वहीताईंचा तिच्यावर जीव होता. भीतीची मोजदाद करणारी एवढी गुणी मुलगी त्यांनी उभ्या नोकरीत पाहिली नव्हती.

त्या दिग्दर्शकाकडे गेल्या. दिग्दर्शक भला माणूस होता. त्याने त्यांना खुर्ची दिली आणि सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"ताई, तुम्हाला भास होतोय," तो म्हणाला. "लेन्स बदलली की असं दिसतं."

लेन्स बदलली नव्हती; वहीत नोंद होती. त्याने त्यांना युनिटच्या डॉक्टरांकडे पाठवलं. डॉक्टरांनी रक्तदाब मोजला, जीभ पाहिली आणि म्हणाले, "झोप कमी पडतेय." बाहेर कपडेपटातल्या बाई भेटल्या. त्यांनी प्रेमाने हात धरला आणि म्हणाल्या, "तू फार विचार करतेस गं."

वहीताई जागेवर आल्या आणि त्यांनी पटकथा उघडली. पान चौदा, पान सत्तावीस, पान तेहतीस. तिन्ही वाक्यं तिथे होती. सवयीचा हात, त्यांनी समासात तीन बरोबरच्या खुणा केल्या आणि शेजारी लिहिलं : 'संवाद मुळाबरहुकूम.'

हुकाचं काम खरं तर दहा मिनिटांचं. पण कामाची शिस्त म्हणून काही असते. झुंबर शोभेचं, म्हणून ते कलाविभागाचं. पेटतं, म्हणून विद्युतविभागाचं. टांगलेलं, म्हणून सुतारविभागाचं. सुतारदादा म्हणाले, "वहीताई, हुक माझा आहे, मी नाही कुठे म्हणतोय? पण शिडी कलाविभागाची. ते देतील तर मी चढतो." कलाविभाग शिडी द्यायला तयार होता, मात्र विद्युतविभागाने आधी वीज तोडल्याचं लेखी दिल्यावर. विद्युतविभाग लेखी द्यायला तयार होता, मात्र कोणीतरी वर चढून पाहिल्यावर. इतकं सहकार्य असूनही काम होत नव्हतं, याला कोण काय करणार? वहीताईंनी रोजच्या अहवालात 'शेरा' या रकान्यात तीन दिवस लिहिलं : हुक उघडतो आहे. शेऱ्याचा रकाना कोणी वाचत नाही, म्हणूनच तो शेवटी असतो.

बाराव्या दिवशी झुंबराखालचा, काल अर्धा राहिलेला शॉट पुन्हा लागला. लोलक आता सहा बोटं खाली होता. नायिका खडूच्या खुणेवर येऊन उभी राहिली. वहीताईंनी वही छातीशी धरली, पुढे गेल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "चुकतंय. काल दोन पावलं डावीकडे होतीस. तिकडे हो."

हे खोटं होतं. नायिका काल खुणेवरच होती. पण वहीताई म्हणाल्या म्हणजे तसंच असणार, म्हणून कोणी फोटो पाहिले नाहीत. नायिका दोन पावलं सरकली, दिग्दर्शकाने "ॲक्शन" म्हटलं, नायिकेने वर पाहिलं, आणि झुंबर खुणेवर येऊन पडलं. अगदी खडूच्या फुलीवर. इतक्या अचूकपणे त्या युनिटमध्ये दुसरं कोणी उभं राहत नसे. एक काच उडून नायिकेच्या दंडाला लागली. चार टाके पडले.

"कॅमेरा चालू होता?" दिग्दर्शकाने पहिला प्रश्न हा विचारला. चालू होता. मग सगळे भानावर आले आणि पाचच मिनिटांत युनिटचं एकमत झालं की हे तिचंच काम. तिचं म्हणजे जिन्यावरच्या बाईचं. झुंबर तिचं, चित्रपट तिचा, तिला विचारल्याशिवाय नव्याने काढला, मग दुसरं काय होणार? धाकटे मालक धावत आले, काचांकडे पाहिलं आणि त्यांचे डोळे भरून आले. "बाबांच्या वेळी नुसतं हललं होतं हो," ते म्हणाले.

चौकशी समिती नेमली गेली. समितीने तीन शक्यतांचा सखोल विचार केला : अतृप्त आत्मा, अतृप्त आत्म्याचा एखादा साथीदार, आणि हवामान. वहीताईंनी काचांतून हुक शोधून काढला आणि समितीच्या टेबलावर ठेवला. तो सरळ होऊन त्याचा पार खिळा झाला होता. समितीने तो हातोहाती फिरवला. "बघा," अध्यक्ष म्हणाले, "एवढं जाड लोखंड सरळ करायचं म्हणजे माणसाच्या हातचं काम आहे का?" अहवाल त्याच दिवशी पूर्ण झाला. (जलद चौकशीचं उदाहरण म्हणून तो पुढे इतरत्र वापरण्यात आला.)

आता सगळे वहीताईंना मानू लागले. त्यांना आधीच कळलं होतं! लोक चहा आणून देऊ लागले, दोघांनी तर हात दाखवला. दिग्दर्शक मोठ्या मनाचा. त्याने सगळ्यांसमोर माफी मागितली.

"ताई, तुम्ही मला सरळ 'भूत आहे' म्हणाला असतात तर मी शूटिंग तिथल्या तिथे थांबवलं असतं," तो म्हणाला. "तुम्ही हुक म्हणालात."

वहीताईंनी वर पाहिलं. जिन्यावरचा मोठा दिवा आणि दिवाणखान्यातले दोन अशाच हुकांवर होते. त्या दिग्दर्शकाच्या कानाशी जाऊन म्हणाल्या, "आत्ता दिसली."

"कोण? ती? काय म्हणाली?"

"हुक बदला म्हणाली. सगळे. जाड घाला म्हणाली."

चाळीस मिनिटांत सगळे हुक बदलले. एका शिडीवर तीन विभाग एकदम चढले होते.

ही गोष्ट युनिटमध्ये पसरायला वेळ लागला नाही. दुसऱ्या दिवशी लाइटवाल्याला ती दिसली आणि पाण्याच्या टाकीजवळची उघडी वायर तिला खपत नसल्याचं कळलं. वायर झाकली गेली. बायकांच्या संडासाला आतून कडी नव्हती. कपडेपटातल्या बाईंनी पहिल्या दिवशीच अर्ज केला होता, तेव्हा व्यवस्थापकांनी 'आत असताना गाणं म्हणावं' असा शेरा मारला होता. आता त्यांनाही ती दिसली. कडी तासाभरात बसली, शिवाय आरसा. जेवण एक वाजताच मिळावं आणि गरम मिळावं, असाही तिचा आग्रह निघाला. आठवड्यातून एक सुट्टी हवी, हे तर ती जिन्यावरून चक्क दोन वेळा बोलली.

गोंधळ नको म्हणून व्यवस्थापकांनी छापील नमुना काढला. रकाने तीन : आत्म्याचे म्हणणे, ऐकणाऱ्याचे नाव, केलेली कार्यवाही. सतरा दिवसांत आत्म्याची त्रेचाळीस म्हणणी आली, त्यांपैकी एक्केचाळीस त्याच दिवशी निकाली निघाली. याच काळात जिवंत माणसांचे अठ्ठावीस अर्ज आले. अठ्ठावीसही विचाराधीन आहेत. मुद्दाम बोलावलेले भूतविद्येचे तज्ज्ञ म्हणाले की खेळत्या हवेबद्दल इतका जिव्हाळा असलेली बाई त्यांना ना या लोकात भेटली, ना त्या.

युनिट सुखी झालं. एवढं सुरक्षित, वेळेवर जेवणारं, कडी लावून बसणारं युनिट धंद्यात दुसरं नव्हतं. एकट्या वहीताईंना मात्र चैन नव्हतं. एका खोट्या वाक्याने मुलगी वाचली होती, त्याबद्दल त्यांना काडीचाही पश्चात्ताप नव्हता. पण वही ती वही. त्यांनी बाराव्या दिवसाच्या पानावर स्वच्छ अक्षरात लिहिलं : 'नायिका काल खुणेवरच होती. डावीकडे होती असे मी खोटे सांगितले. कारण हुक.' आणि खाली सही केली.

हे पान मात्र नेमकं वाचलं गेलं. चुकीची माहिती देऊन चित्रीकरणात फेरफार केल्याबद्दल त्यांना ताकीदपत्र मिळालं. नायिकेला वाचवल्याचं श्रेय जाहिरातीत आत्म्याला देण्यात आलं.

चित्रीकरण संपल्यावर नायिका त्यांना भेटायला आली. दंडावरचे टाके निघाले होते. ती जवळ बसली आणि हळूच म्हणाली, "ताई, खरं सांगा हं. त्या दिवशी मला कोणी सरकवलं?"

"मी सांगितलं ना तुला, डावीकडे हो म्हणून."

"ते माहितीये हो. पण तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. मी बघत होते."

नायिका हसली, म्हणजे तुम्हाला सांगायचं नसेल तर राहू दे, असं हसली. आणि त्यांच्या पाया पडायच्या आधी तिने जिन्याकडे बघून हात जोडले. वहीताईंना तेव्हा फार वाईट वाटलं. समितीचं, ताकीदपत्राचं त्यांना काही वाटलं नव्हतं. हे मात्र लागलं.

चित्रपट चांगला चालला. लोक घाबरले, आणि घरी जाऊन निवांत झोपले.

तुम्हीही एव्हाना त्या युनिटला हसून घेतलं असेल. हसायलाच हवं, अशी मूर्ख माणसं रोज भेटत नाहीत. फक्त एक आठवून पाहा. गेल्या आठवड्यात तुमच्या घरातली एक बाई तुम्हाला काहीतरी सांगत होती. गॅसच्या नळीबद्दल असेल, गिझरच्या बटणाबद्दल असेल, नाहीतर चार जिने चढल्यावर छातीत दुखतं, असंही असेल. तुम्ही "बघू" म्हणाला होतात. नक्की काय सांगत होती, आठवतंय? नसेल आठवत तर घाई नाही. ती पुन्हा येऊन सांगेल, जिन्यावरून, आणि त्या वेळी तुम्ही नक्की ऐकाल.