मऊ की मजबूत

घड्याळजीला बायकोने सकाळी एकच काम सांगितलं होतं. "अहो, मी हाक मारली की फाटक उघडायचं. बस्स. बाकी कशालाही हात लावायचा नाही."

माणसाला याहून सोपं काम काय सांगणार? पण हात न लावणं हेच घड्याळजीला जन्मात जमलेलं नव्हतं. घड्याळदुरुस्ती हा धंदाच, त्यामुळे बंद पडलेलं घड्याळ तर तो उघडायचाच, चालू असलेलंही उघडून बघायचा. "बघू तरी" हे त्याचे आवडते दोन शब्द आणि त्या दोन शब्दांपायी घरातला मिक्सर, इस्त्री आणि शेजाऱ्यांचा भोंगा कायमचे गप्प झाले होते.

त्या दिवशी मात्र प्रकरण गंभीर होतं. आजवर गल्लीतल्या पोरांच्या वाढदिवसाचे केक करणाऱ्या बायकोला एका मोठ्या हॉटेलची पहिली ऑर्डर मिळाली होती. तीन मजली केक. आवडला तर दर शनिवारी ऑर्डर, नाही आवडला तर राम राम. दोन दिवस स्वयंपाकघरात कोणाला पाय ठेवू दिला नव्हता तिने. घड्याळजी बिचारा दारातूनच क्रीमची वाटी चाटून परत जायचा.

आणि नेमके तेव्हाच मोठे साडू आले. ट्रकच्या बॉड्या बांधणारे. आवाज दणदणीत, हात त्याहून दणदणीत. आल्या आल्या पिशवीतून त्यांनी फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि घड्याळजीच्या हातावर ठेवलं.

"बघा साडूबुवा! नवा रॅचेट. फिरवून बघा, लोणी आहे लोणी!"

रॅचेट म्हणजे नट-बोल्ट फिरवायचा पाना. एका बाजूला ओढला की पकडतो, दुसऱ्या बाजूला नुसता कटकट करत मोकळा फिरतो, म्हणून बोल्टावरून काढावा लागत नाही. घड्याळजीकडेही एक होता, सासऱ्यांचा. सासरे जुने फिटर. निवृत्त झाल्यावर त्यांनी तो धाकट्या जावयाला दिला आणि मोठ्याला नुसता आशीर्वाद. तो आशीर्वाद मोठ्या साडूंच्या घशात आजतागायत अडकलेला होता.

घड्याळजीने नवा रॅचेट कानाशी धरला आणि डोळे मिटून फिरवला. बारीक किरकिर, मांजर झोपेत गुरगुरावं तशी. त्याचा चेहरा उजळला. "वा! काय मऊ चाल आहे हो!"

"आणि तुमचा? बैलगाडी!"

"बैलगाडी असेल, पण मजबूत आहे. दात जाड आहेत त्याचे. तुमच्याचे दात बारीक, म्हणून चाल मऊ. आता बारीक दातांनी बिस्किट खावं माणसाने, अक्रोड फोडायला जाऊ नये."

"म्हणजे माझा मोडेल म्हणता?"

"मी कुठे म्हणतो? बघू तरी."

झालं! त्या क्षणी आत केकवर शेवटचं फूल बसत होतं आणि बाहेर दोन साडू गंजका बोल्ट शोधत निघाले होते. तो सापडला फाटकाच्या बिजागरीत. लोखंडी खांबावर बिजागरीची पट्टी, तिला दोन जुनाट बोल्ट, आणि बोल्टांच्या समोर चार बोटांवर कुंपणाची भिंत. घड्याळजीच्या मनात बायकोची सूचना चमकून गेली. पण त्याने स्वतःची समजूत घातली, की फाटकाचंच काम सांगितलंय, आपण फाटकापाशीच आहोत.

"तुम्ही माझा घ्या, मी तुमचा घेतो," मोठे साडू म्हणाले. "म्हणजे पक्षपात नको."

घड्याळजीने नवा रॅचेट वरच्या बोल्टावर चढवला आणि दांड्याला पाइप घालून जोर लावला. बोल्ट कण्हला आणि सुटला. दात शाबूत! पाइप काढून घड्याळजी हलकेच फिरवू लागला. पुढे, मागे, पुढे, मागे. इतकी मऊ चाल त्याने मोठ्या यंत्रात कधी अनुभवली नव्हती. डोळे आपोआप मिटले. बोल्ट बाहेर येत होता, येत होता, आणि येता येता रॅचेटला मागे ढकलत होता, हे त्याला कळलं तेव्हा रॅचेटची पाठ भिंतीला टेकून गच्च बसली होती. निघेना. उलटा फिरवून बोल्ट आत घालावा, तर दिशा बदलायची कळ रॅचेटच्या पाठीवर, म्हणजे भिंतीच्या पोटात. दांडा फाटकाच्या वाटेत आडवा.

"साडूबुवा," घड्याळजी हळूच म्हणाला, "एक गंमत झालीय."

"घाबरता काय! खालचा बोल्ट सैल करतो, पट्टी हलली की आपोआप सुटेल," असं म्हणून मोठ्या साडूंनी सासऱ्यांचा रॅचेट खालच्या बोल्टावर चढवला. खटाक खटाक खटाक. त्यांच्या हातांत जोर फार. घड्याळजीने "थांबा" म्हणेपर्यंत तोही भिंतीला जाऊन चिकटला.

आता दोन दांडे आडवे. फाटक वीतभरही उघडेना.

"अहो, फाटक!" आतून हाक आली. पाठोपाठ गाडी सुरू झाल्याचा आवाज.

दोघांनी घाईघाईने दांड्यांना पाइप घातला, की एखादा तरी मोडेल. घड्याळजी लोंबकळला, मोठे साडू लोंबकळले, शेवटी दोघं मिळून एकाच पाइपला लोंबकळले. रॅचेट हूं की चूं करेनात.

"अक्रोड फोडणार नाही म्हणे!" एवढ्या धांदलीतही मोठ्या साडूंना आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

"मजबूत आहे हो, मान्य! पण आता मोडायला काय झालंय त्याला!" घड्याळजी रडकुंडीला आला होता. बायकोचे दोन दिवसांचे कष्ट गाडीत वितळत होते आणि आपण त्यांच्या वाटेत लोखंड कोंबून बसलो आहोत, या विचाराने त्याला खरोखर लाज वाटली.

बायको गाडीतून उतरली. तिने आधी रॅचेटांकडे पाहिलं, मग भावोजींकडे, मग नवऱ्याकडे.

"काय आहे हे?"

"तुलना," घड्याळजी म्हणाला.

त्याने थोडक्यात सगळं सांगितलं. ती तडक आत गेली, हातोडी घेऊन आली आणि नुकत्याच रंगवलेल्या भिंतीवर, रॅचेटांच्या मागे, दणादण घाव घातले. गिलाव्याचे पोपडे पडले, मागे जागा झाली आणि दोन्ही रॅचेट शहाण्या मुलांसारखे तिच्या हातात आले.

"कमाल आहे!" मोठे साडू म्हणाले.

"कमाल राहू द्या भावोजी, फाटक धरा!"

बोल्ट सुटत आलेले, फाटक कलंडायला लागलेलं. दोघांनी ते खांद्यावर तोलून उघडलं. "ही खेळणी आता माझ्यापाशी राहतील," म्हणत तिने रॅचेट शेजारच्या सीटवर टाकले आणि गाडी निघून गेली. बोल्ट आवळायला हातात काही नाही हे दोघांच्या लक्षात आलं तेव्हा गाडीने वळण घेतलं होतं.

मग उन्हात दोन कर्तबगार गृहस्थ फाटक धरून उभे राहिले. शेजारचे निवृत्त हेडमास्तर जाताना थबकले. "नवीन घेतलंत का फाटक?"

"नाही, जुनंच आहे," घड्याळजी म्हणाला. "जरा धरलंय."

बायको परत आली ती दुपार कलल्यावर. गाडी बाहेरच लावून चालत आली. घड्याळजीने घाईने विचारलं, "केक?"

"पोचला. सगळ्यांना आवडला. दर शनिवारची ऑर्डर पक्की."

घड्याळजीला इतका आनंद झाला, की फाटक सोडून टाळ्याच वाजवणार होता. मोठे साडू ओरडले म्हणून वाचलं.

"मग तोंड का असं? आणि रॅचेट कुठे आहेत? दे इकडे, खांदा गेला माझा," घड्याळजी म्हणाला.

"तिथेच राहिले." ती पायाच्या अंगठ्याने गिलाव्याचा पोपडा उकरू लागली. "भिंतीत बसवलेलं टेबल होतं त्यांचं, जरा उंच. केकवरचं फूल दिव्याला टेकत होतं. म्हटलं, फळी बोटभर खाली घ्यावी. एक बोल्ट सैल केला, आणि..."

"आणि?"

"तो रॅचेट भिंतीला अडकला म्हणून दुसऱ्या रॅचेटने दुसरा बोल्ट सैल केला."

दोघा साडूंनी एकमेकांकडे पाहिलं.

"मग हातोडी मागायचीस! फोडायची भिंत!" मोठे साडू म्हणाले.

"संगमरवरी आहे, भावोजी. टेबल मोकळं करून द्यायला पुढच्या शनिवारपर्यंत मुदत दिलीय त्यांनी. केक चांगला होता म्हणून."

घड्याळजीला खरं तर आता चार शब्द सुनवता आले असते. इतक्या वर्षांच्या संसारात अशी संधी पहिल्यांदाच चालून आली होती. पण त्याचा जीव भलत्याच ठिकाणी अडकला होता. त्याने मान पुढे काढली, मोठ्या साडूंनीही काढली, फाटक धोकादायक रीतीने कललं.

"ते जाऊ दे," घड्याळजी म्हणाला. "दोन्ही फिरवलेस ना? मग सांग, मऊ कुठला?"

ती विचारात पडली. मूठ वळवून तिने हवेतच मनगट फिरवून पाहिलं, आधी एका चालीने, मग दुसऱ्या. मग पदर खोचला आणि फाटकाला तिसरा खांदा दिला.

"असं नाही हो सांगता येणार," ती म्हणाली. "शनिवारी निघाले की परत एकदा फिरवून बघू."