लवू घाडी शाळा भरवतो

"दिवाळीच्या आत शाळा भरवून दाखवतो," शाळा व्यवस्थापन समितीच्या पहिल्याच बैठकीत नवे अध्यक्ष लवू घाडी यांनी जाहीर केलं.

"शाळा रोज भरते, लवूभाऊ," मुख्याध्यापिका वैशाली मॅडम म्हणाल्या. "मुलं कमी येतात, एवढंच."

लवू लिफ्टचा मेकॅनिक. दिवसभर वरळीच्या टॉवरांमधून वरखाली करायचा, पण जीव मात्र परळच्या या पालिकेच्या मराठी शाळेत, दुसऱ्या मजल्यावर अडकलेला. तो इथेच शिकला होता. आता त्याची मुलगी आकांक्षा इथे चौथीत होती, आणि पालकांनी त्याला अध्यक्ष निवडलं होतं. पालकसभेला वेळेवर येणारा तो एकटाच बाप होता.

त्याच्या वेळी मधली सुट्टी झाली की समोरच्या चाळीतल्या बायका खिडक्या लावून घ्यायच्या, एवढा गोंगाट. आता चाळीच्या जागी टॉवर उभा होता. चाळीतली निम्मी माणसं विरार-बदलापूरला गेली होती. सकाळी आकांक्षाला सोडून उतरताना जिन्यावर आपल्याच बुटांचा आवाज आला की लवूला गलबलून यायचं.

"शाळेचा विकास आराखडा करायचाय," मॅडम म्हणाल्या. "मुलं वाचतात का, रोज येतात का, खिचडी नीट मिळते का, हे बघणं समितीचं काम. पहिलं काय घेऊ या?"

"मुलींच्या संडासाला कडी," अंबिका म्हणाली. ती समितीवरची दुसरी पालक, तिची मुलगी दुसरीत. "माझी पोर शाळेत पाणीच पीत नाही. जायला लागू नये म्हणून."

"कडी होईल गो," लवू म्हणाला. "आधी मुलं आणू. शाळा गजबजली की साहेब लोक स्वतः कड्या घेऊन धावत येतील."

बंद लिफ्टसमोर उभं राहिल्यावर माणूस जसा बघतो, तशी अंबिका त्याच्याकडे बघत राहिली.

त्याच संध्याकाळी लवूने जुन्या चाळीच्या ग्रुपवर निरोप टाकला. 'आपल्या शाळेत पुन्हा प्रवेश सुरू. शनिवारी सकाळी या. वर्ग तेच आहेत, बाक तेच आहेत. तुमची जागा रिकामी आहे.' लिहिताना त्याचे डोळे भरून आले. त्या भरात 'मुलांना घेऊन' हे शब्द तेवढे राहून गेले.

शनिवारी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून तो खिडकीत उभा होता. खांद्याला हत्यारांची पिशवी, कारण दुपारी ड्यूटी होती. फाटकातून माणसं आत येत होती. येतच होती.

"मॅडम, खाली बघा," तो हळूच म्हणाला. "मी सांगितलं होतं ना?"

मॅडमनी प्रवेशाचे कागद टेबलावर काढून ठेवले. पहिला वर आला तो विनीत, लवूच्या बाकावर बसणारा. तेव्हा काडीसारखा होता, आता गोदरेजच्या कपाटाएवढा झाला होता.

"मुलाला नाही आणलंस?" लवूने विचारलं.

"तो अकरावीला आहे, बदलापूरला. त्याला कशाला आणू? तूच लिहिलंस ना, जागा रिकामी आहे म्हणून. मी आलो."

मागोमाग आलेले सगळे तसेच. कुणी विरारहून, कुणी डोंबिवलीहून. मुलं लांबच्या इंग्रजी शाळांत. प्रवेशाच्या वयाचं एकही पोर नाही. लवूचं तोंड उतरलं. पण तेवढ्यात जिना दणदणायला लागला, अगदी पूर्वीसारखा, आणि रागवायचं सोडून तो तसाच ऐकत उभा राहिला.

मग तोही वर्गात गेला. विनीतने बाकावर सरकून त्याला जागा करून दिली. मागून कुणीतरी एकोणीसचा पाढा सुरू केला. पाढा मध्यावर येऊन अडखळला, तेव्हाच दारात पालिकेच्या शाळा तपासणारे बीट ऑफिसर उभे राहिले. नवे प्रवेश बघायला लवूनेच त्यांना आग्रहाने बोलावलं होतं.

"प्रौढ शिक्षण?" त्यांनी मॅडमना विचारलं. "याची परवानगी कोणी दिली?"

साहेब आले म्हणताच वर्ग जुन्या सवयीने उठून उभा राहिला. विनीतही उठला. त्याच्याबरोबर बाकही उठला.

"ए लवू," विनीत कुजबुजला, "पोट अडकलंय रे."

ओढून निघेना, ढकलून निघेना. शेवटी लवूने पाना-पेचकस काढले. एका बाजूने खुद्द बीट ऑफिसरांनी बाक धरला आणि विनीत सुटला. वर्गाने टाळ्या वाजवल्या. लवू इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं.

एवढ्यात चंपा आत आली. चौथीत ती पहिल्या बाकावर बसायची. "काय रे, त्या संडासाला कडी अजून नाहीच का?"

"अजून म्हणजे?"

"आपल्या वेळी तरी कुठे होती? दोघी-दोघी जायचो. एक आत, एक दारात. सोबत नसली तर शाळा सुटेपर्यंत कळ काढायची."

बाकीच्या बायकाही हसल्या. एकेकीला आठवायला लागलं. लवूला या शाळेतली भिंतीची ओलसुद्धा पाठ होती, पण हे त्याला कधी ठाऊकच नव्हतं. तो तसाच खाली उतरला आणि कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याकडून कडी घेऊन आला. अंबिका शाळेतच होती. तिने दार धरलं, त्याने स्क्रू पिळले. मग ती आत गेली आणि तिने कडी लावून बघितली.

"लागते," आतून आवाज आला.

दुपारपर्यंत ज्याला त्याला आपापली गाडी गाठायची होती. मिठ्या झाल्या, फोटो झाले, जिना पुन्हा गप्प झाला. लवू तळमजल्यावर ऑफिसच्या दारात रिकाम्या पटांगणाकडे बघत उभा राहिला. एकही प्रवेश झाला नव्हता.

तेवढ्यात एक तरुण बाई फाटकातून आत आली. हाताला धरलेली छोटी मुलगी.

"आम्ही समोरच्या टॉवरच्या मागे राहतो, नवीन आलोय," ती म्हणाली. "सकाळपासून आवाज ऐकत होते. मोठी शाळा दिसते. हिला पहिलीत घालायचंय, पण एवढ्या गर्दीत जागा असेल का? कुणाची ओळख लागत असेल तर तसं सांगा."

लवूने शर्टाची कॉलर नीट केली. या शाळेत जागा आहे का, असं कुणी विचारलेलं त्याने किती वर्षांत ऐकलं नव्हतं. त्याने मॅडमकडे बघायचं टाळलं.

"थोडी अडचण होईल," तो गंभीरपणे म्हणाला. "पण बसवू."

"लवूभाऊ," मागून मॅडम म्हणाल्या, "तुम्ही जरा दारातून बाजूला व्हा. त्यांना आत येऊ दे."